दिल्ली छावणीतली कोरियन कमान आणि आपले थोरात

निळी_शाई | ४ मे, रात्री १०.१५

दिल्लीला भाच्याकडे चार दिवस होते. तो लष्करात, राहायला छावणी भागात. मला पहाटे जाग येते आणि दुसऱ्याच्या घरात भांडी वाजवत बसण्यापेक्षा बाहेर पडलेलं बरं, म्हणून एकटीच फिरायला जायचे. तिसऱ्या दिवशी रस्ता चुकले आणि समोर एक कमान आली. कोरियन धाटणीची. आधी वाटलं, एखादं बौद्ध मंदिर असावं. मंदिर नव्हतं, बाग होती: भारत-कोरिया मैत्री उद्यान. साधारण सहा एकरांची जागा, पळायची पायवाट, छोटं खुलं रंगमंदिर, आणि आत शिरल्यावर स्वागताला पुरुषभर उंचीहून मोठा जनरल थिमय्यांचा पुतळा.

पुढे पाच स्तंभ आहेत, ते ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्सचं काम सांगतात. कर्नल रंगराज यांच्या हाताखालची ही वैद्यकीय तुकडी नोव्हेंबर १९५० मध्ये कोरियात उतरली आणि युद्ध संपून गेल्यावर, १९५४ मध्ये परत आली. जवळपास १ लाख ९५ हजार रुग्ण आणि २,३०० शस्त्रक्रिया. एका स्तंभावर रवींद्रनाथांनी १९२९ मध्ये कोरियाविषयी लिहिलेल्या ओळी आहेत, त्या देशाला पूर्वेचा दीप म्हणणाऱ्या. उद्यानाचं उद्घाटन २६ मार्च २०२१ रोजी राजनाथ सिंह आणि दक्षिण कोरियाचे संरक्षणमंत्री सुह वूक यांच्या हस्ते झालं.

खरं सांगायचं तर मला थिमय्या माहीत होते ते लष्करप्रमुख म्हणून, नेहरू आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी झालेल्या वादातले. कोरियाशी त्यांचा संबंध काय, हे घरी येऊन वाचायला घेतलं आणि आठवडाभर त्यातच आहे. कारण त्या वाचनात एक आपलं माणूस भेटलं.

थोडक्यात हकिगत अशी. कोरियन युद्धात (१९५०-५३; एका बाजूला उत्तर कोरिया आणि चीन, दुसऱ्या बाजूला दक्षिण कोरिया आणि अमेरिकेच्या पुढाकाराखालची संयुक्त राष्ट्रांची फौज) सगळ्यात जास्त घोडं अडलं ते सीमारेषेवर नाही, कैद्यांवर. संयुक्त राष्ट्रांच्या फौजांच्या ताब्यातल्या हजारो चिनी आणि उत्तर कोरियन कैद्यांनी सांगितलं, आम्हाला परत जायचं नाही. चीन म्हणतो पाठवा, अमेरिका म्हणते जबरदस्तीने पाठवणार नाही. या एका मुद्द्यावर बोलणी वर्षाहून जास्त रखडली, आणि तेवढा काळ माणसं मरत राहिली. शेवटी तोडगा निघाला: तटस्थ राष्ट्रांचा एक आयोग. स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि अध्यक्षपदी भारत. अध्यक्ष म्हणजे थिमय्या. आणि कैद्यांवर पहारा देणारी फौज फक्त भारताची. तिचं नाव कस्टोडियन फोर्स इंडिया, म्हणजे अभिरक्षक दल म्हणू या. पाच-सहा हजार जवान. प्रमुख मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात, कोल्हापूरकडचे.

यांच्या ताब्यात आले साधारण २२,६०० कैदी. उत्तरेकडच्या बाजूने आले फक्त ३५९, त्यात २३ अमेरिकन आणि एक ब्रिटिश. कैद्यांपुढे त्यांच्या मायदेशाचे अधिकारी बसून 'घरी चला' म्हणून समजावणार, कैदी हो किंवा नाही म्हणणार, आणि या सगळ्यात कोणी कोणाचा गळा धरू नये हे आपल्या जवानांनी पाहायचं. मुदत नव्वद दिवस.

दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांना भारताची तटस्थता मुळीच मान्य नव्हती. भारतीय सैनिकाने आमच्या भूमीवर पाऊल ठेवायचं नाही, असा त्यांचा हट्ट. मग काय करावं? जवान जहाजाने इंचॉनला आले आणि तिथून अमेरिकी हेलिकॉप्टरनी उचलून थेट दोन्ही कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात नेऊन सोडले. हजारो माणसं, हवेतून, फक्त पाय जमिनीला लागू नयेत म्हणून! त्या पट्ट्यात त्यांनी तंबूंचं गाव वसवलं, त्याचं नाव हिंद नगर.

आता माझा प्रश्न. डॉक्टरांचं काम दगडावर कोरता येतं, आकडा असतो. थिमय्यांचा पुतळा होतो, तेही ठीक. पण ज्याने चार-पाच महिने तारेच्या कुंपणाबाहेर उभं राहून दगड खाल्ले आणि शक्यतो बंदूक उचलली नाही, त्याच्यासाठी दगडावर काय लिहाल? विचार करतेय, सुचत नाही. तुम्हाला सुचलं तर लिहा.

---

रंकाळा_काठ | ४ मे, रात्री ११.०२

ताई, थोरात म्हटल्यावर आम्ही झोपायचं सोडून आलोच. आमच्याकडं जुन्या माणसांत 'जनरल थोरात' एवढं म्हटलं की पुरतं. पण बहुतेकांना ठाऊक ते चीनचं. पूर्व विभागाचे सरसेनापती असताना १९६० ला त्यांनी 'लाल किल्ला' नावाचा सराव घेऊन चीन कसा येईल आणि आपल्याला किती फौज लागेल ते मांडलं, ते वर कुणी मनावर घेतलं नाही, आणि ६२ ला व्हायचं ते झालं. कोरियाचं एवढं मलाबी म्हाईत नव्हतं. लई भारी धागा.

---

टाचण | ५ मे, सकाळी ७.३०

चांगला विषय. दोन-तीन गोष्टी नेमक्या करतो, राग नसावा.

पहिली: याला 'शांतिसेना' म्हणायचं का? संयुक्त राष्ट्रांच्या शांतिमोहिमांची अधिकृत यादी १९४८ च्या पॅलेस्टाईनमधल्या युद्धविराम-निरीक्षकांपासून सुरू होते. २९ मे हा आंतरराष्ट्रीय शांतिसैनिक दिन त्याच मोहिमेच्या तारखेवरून आला. निळ्या शिरस्त्राणांची पहिली सशस्त्र मोहीम १९५६ ची, सुएझनंतरची. कोरियातलं भारतीय दल या यादीत नाही. तो आयोग संयुक्त राष्ट्रांनी नेमलेला नव्हता, युद्धविरामाच्या करारातून जन्मला होता, आणि त्या कराराची एक बाजू स्वतः संयुक्त राष्ट्रांची फौज होती! म्हणजे पंच नेमायचा तर संयुक्त राष्ट्रांच्या बाहेरचाच नेमावा लागला.

तरीही काम पाहिलं तर, दोन्ही बाजूंच्या संमतीने मध्ये उभं राहायचं, स्वसंरक्षणापुरतंच शस्त्र, कोणाचीच बाजू नाही, ही सगळी लक्षणं पुढे शांतिसेनेची व्याख्या ठरली. निळी टोपी यायच्या तीन वर्षं आधी आपल्या जवानांनी ती तालीम करून ठेवली होती.

दुसरी: ६० पॅरा आणि अभिरक्षक दल ही दोन वेगळी कामं. ६० पॅरा युद्धात होती, राष्ट्रकुल ब्रिगेडबरोबर. २३ मार्च १९५१ ला मुनसान-नी इथे अमेरिकी छत्रीधारी दलाबरोबर तिच्या बारा जणांनी उड्या मारल्या, रंगराज स्वतः त्यात. त्यांना महावीर चक्र आहे. उद्यानात दोन्ही एकत्र आले म्हणून वाचणाऱ्याचा घोळ होऊ शकतो.

तिसरी: थोरातांच्या नावापुढे कीर्तिचक्र लावतात. त्या वेळी त्या पदकाला अशोकचक्र वर्ग दोन म्हणत, नाव १९६७ ला बदललं. ते त्यांना कोरियातल्या याच कामाबद्दल मिळालं.

---

तिरशिंगराव | ५ मे, सकाळी ९.१२

मी जरा पाणी ओततो.

२०१७ मध्ये आपण कोरियन बनावटीच्या शंभर के-९ वज्र तोफांचा करार केला. शंभरावी तोफ फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराला मिळाली. उद्यान मार्च २०२१ मध्ये उघडलं. सत्तर वर्षं थिमय्या, रंगराज कोणाला आठवले नाहीत, आणि नेमके तेव्हा आठवले? स्मारकं मेलेल्यांसाठी नसतात हो. ती पुढच्या करारासाठी असतात.

---

निळी_शाई | ५ मे, सकाळी १०.४०

तिरशिंगराव, असेलही. पण मग मला सांगा, कुठल्या स्मारकाच्या मागे जिवंत माणसांचा स्वार्थ नव्हता? तोफांमुळे का होईना, मला एका सकाळी थोरात भेटले. मी तोफवाल्यांची आभारी आहे.

टाचण, धन्यवाद. रंगराजांच्या उडीबद्दल वाचलं होतं, घोळ माझाच. बागेतही मी दोन चकरा मारल्या तेव्हा कुठे वेगळं काय ते कळलं.

---

चिवडा | ५ मे, सकाळी ११.०५

दगडावर लिहायचं: 'इथे उभे राहिले आणि काही झालं नाही.'
(गंमत नाही. खरंच हेच सुचलं.)

---

माजी_सिग्नलर | ५ मे, दुपारी २.२०

चिवडा, गंमत नाहीच ती.

मी काँगोत होतो, गोमाला, उत्तर किवूमधल्या आपल्या ब्रिगेडबरोबर. सिग्नलवाला, म्हणजे माझं हत्यार रेडिओ सेट. दर तासाला प्रत्येक चौकीकडून 'ओके रिपोर्ट' यायचा आणि मी तो लॉगमध्ये चढवायचो. पानंच्या पानं ओके, ओके, ओके. सुट्टीवर आलो की गावात पोरं विचारायची, काका, तिकडं काय केलंत? आता काय सांगणार? त्या ओकेमागे कोणीतरी रात्रभर एका गावाच्या तोंडाशी गाडी लावून, दिवे चालू ठेवून बसलेला असतो, म्हणून बंदूकवाले त्या रस्त्याने येत नाहीत. ते आले नाहीत याचा फोटो निघत नाही.

लष्करातला रिवाजही सांगतो. युनिटमधलं स्मारक हुतात्म्यांचं. ज्यांचं नाव दगडावर, ते परत आले नाहीत. जे परत आले त्यांना पदक आणि त्याच्या फितीवर पट्टी. आपलं विदेश सेवा पदक असतं, त्यावर देशाच्या नावाची पट्टी लागते, कोरियाचीही आहे. संयुक्त राष्ट्रांचं पदक वेगळं, मोहिमेत नव्वद दिवस भरले की मिळतं. म्हणजे जिवंत परतलेल्या माणसाचं स्मारक म्हणाल तर बोटभर कापड. आणि खरं सांगू? आम्हाला ते पुरतं. तक्रार म्हणून नाही सांगत.

बाकी शांतिमोहिमांत सगळ्यात जास्त जवान गमावलेला देश आपला, दीडशेहून कितीतरी जास्त. जून २०२३ मध्ये भारतानेच ठराव मांडून न्यूयॉर्कच्या मुख्यालयात हुतात्मा शांतिसैनिकांसाठी स्मृतिभिंत उभारायचं मान्य करून घेतलं, १९० देश त्याचे सहप्रस्तावक होते. काँगोचाच कॅप्टन सलारिया, परमवीरचक्र, ५ डिसेंबर १९६१, एलिझाबेथव्हिल. अशा नावांसाठी भिंत हवीच.

---

बाराखडी | ५ मे, रात्री ९.४८

पहिल्यांदाच लिहितेय, एरवी वाचनमात्र असते.

माझे आजोबा, आईचे वडील, या दलात होते. ऑर्डनन्सचे, म्हणजे शस्त्र-सामान पुरवणारे. लहानपणी त्यांच्याकडून कोरियाच्या तीन गोष्टी ऐकल्या, तिन्ही पुन्हापुन्हा.

एक म्हणजे हेलिकॉप्टर. 'बोटीतनं उतरलो ते थेट पंख्यात.' त्याआधी त्यांनी हेलिकॉप्टर पाहिलंही नव्हतं. जमिनीला पाय लावायचा नाही म्हणून उडवत नेलं, यावर आजी दर वेळी म्हणायची, 'सोवळ्यातले होते का ते लोक?'

दुसरं म्हणजे आवाज. कैदी रात्र-रात्र डबे बडवायचे, गाणी म्हणायचे, घोषणा द्यायचे. भाषा कळत नाही, पण शिवी कळते, असं आजोबा म्हणायचे.

तिसरी गोष्ट थोरातसाहेबांची. कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला आत ओढून धरून ठेवलं होतं. बाहेर सगळे हातघाईवर आलेले. साहेब मोजकी माणसं घेऊन आत गेले. आजोबांच्या शब्दांत, 'साहेब आत गेले, चहा पिऊन आले, आणि येताना आपला माणूस घेऊन आले.' आम्हाला वाटायचं आजोबा फुगवून सांगतात. चहा कसला, मारायला उठलेली माणसं चहा देतील होय?

---

टाचण | ५ मे, रात्री १०.३०

बाराखडी, आजोबांनी फुगवलेलं नाही. तो अधिकारी मेजर ग्रेवाल. सप्टेंबर १९५३ चा शेवट, चिनी कैद्यांचं कंपाउंड. थोरात खरोखरच कुंपणाच्या आत गेले, हजारो चिडलेल्या माणसांच्या मध्ये, आणि ग्रेवालना सोडवून आणलं. आत गोळी चालवायची वेळ आली असती तर आत गेलेल्यांपैकी कोणी परतलं नसतं, हे त्यांना आत जाताना माहीत असणारच.

---

तिरशिंगराव | ५ मे, रात्री ११.१५

हे छान आहे, पण अर्धंच आहे. धागाकर्तीने 'शक्यतो बंदूक उचलली नाही' असं जपून लिहिलंय, त्याबद्दल गुण. ऑक्टोबर १९५३ च्या सुरुवातीला कुंपण तोडू पाहणाऱ्या कैद्यांवर भारतीय पहारेकऱ्यांनी गोळ्या झाडल्या आणि काही कैदी मेले. शिवाय कंपाउंडच्या आत कैद्यांच्याच टोळ्यांचं राज्य होतं. परत जाऊ इच्छिणाऱ्याला आतल्या आत संपवल्याच्या घटना झाल्या. पहारा आपला, पण सत्ता त्यांची. मग आपण नक्की काय राखलं? 'काही झालं नाही' असं दगडावर लिहिलंत तर ते खोटं होईल.

---

माजी_सिग्नलर | ६ मे, सकाळी ६.५०

तिरशिंगराव, मुद्दा रास्त आहे आणि तो झाकू नये. पण गणित बघा. २२ हजारांवर कैदी, कित्येक एकरांवर तारा, आणि आत संघटित, कडवे, शिस्तीतले लोक. आत शिरून टोळ्या मोडायच्या म्हणजे शेकडो मुडदे पाडायची तयारी हवी. ते केलं असतं तर युद्धविराम मोडायला निमित्त झालं असतं. थिमय्या-थोरातांनी आतली सत्ता मोडली नाही, तारेच्या बाहेर येऊ दिली नाही. हे भूषण नाही, ही निवड आहे. पहाऱ्यावर बरेचदा चांगलं आणि वाईट यातून निवडायचं नसतंच. वाईट आणि फार वाईट यातून निवडायचं असतं.

---

टाचण | ६ मे, सकाळी ८.१५

आणि निकाल काय लागला तेही बघा. नव्वद दिवसांत 'समजावणी' जेमतेम दहा दिवस झाली. तंबूत अधिकारी बसलेले, कैद्याला आणायचं, तो येतानाच ओरडत यायचा. बाकीचे दिवस कोणी ना कोणी अडवलं: कधी कैदी येईनात, कधी समजावणारे अटी घालीत. २३ डिसेंबरला मुदत संपली. परत जायला तयार झाले ते काही शेच.

मग पेच. कैद्यांचं भवितव्य राजकीय परिषदेत ठरायचं होतं, ती परिषद भरलीच नाही. थिमय्यांनी कैद्यांना मुक्त केलं नाही आणि ठेवूनही घेतलं नाही. जानेवारी १९५४ च्या २० तारखेपासून ज्या बाजूने सोपवले होते तिच्याच हवाली केले. संयुक्त राष्ट्रांच्या बाजूने २३ जानेवारीला त्यांना सोडून दिलं. साधारण १४ हजार चिनी तैवानला गेले, तिथे तो दिवस पुढे वर्षानुवर्षं 'स्वातंत्र्यदिन' म्हणून पाळला गेला. उलट बाजूला २१ अमेरिकन आणि एक ब्रिटिश यांनी घरी जायला नकार दिला. त्यावर अमेरिकेत केवढा गदारोळ झाला.

भारताला शाबासकी कोणी दिली? चीन म्हणाला तुम्ही टोळ्यांना मोकळं रान दिलंत. सिंगमन री तर आधीपासून आपल्याला कम्युनिस्टांचे मित्र म्हणत होते. (याच री महाशयांनी जून १९५३ मध्ये करार व्हायच्या आधीच सुमारे २७ हजार उत्तर कोरियन कैदी परस्पर सोडून दिले होते, ही त्यांची तटस्थतेची कल्पना.) दोन्हीकडून शिव्या आल्या म्हणजे पंच बहुधा बरोबर उभा होता, असं क्रिकेटमध्ये म्हणतात. इथेही चालावं.

---

देगूकर | ६ मे, दुपारी १.०० (इकडे संध्याकाळ)

नमस्कार, मी कामानिमित्त दक्षिण कोरियात, देगूला राहतो. मूळ धाग्याला धरून एक भर.

इथे सुसाँग भागात टेकडीच्या कडेला एक छोटं स्मारक आहे, कर्नल उन्नी नायर यांचं. मल्याळी माणूस, लष्कराच्या जनसंपर्कात नाव कमावलेला, संयुक्त राष्ट्रांच्या कोरिया आयोगावर भारताचा प्रतिनिधी म्हणून आला होता. १२ ऑगस्ट १९५० रोजी आघाडीची पाहणी करायला गेले असताना त्यांची गाडी सुरुंगावर गेली. त्यांच्याबरोबर दोन ब्रिटिश वार्ताहरही मारले गेले. म्हणजे भारताने एकही सैनिक पाठवला नव्हता, ६० पॅरा यायला अजून तीन महिने होते, तेव्हा गेलेला हा माणूस.

त्यांच्या पत्नी विमला नायर पुढे साठ वर्षं जगल्या. २०११ मध्ये त्या गेल्या आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या अस्थी इथे, नवऱ्याच्या शेजारी ठेवल्या.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एक आजोबा तिथे व्यायाम करत होते. कोरियन लोक टेकडीवर हात मागे मारत, टाळ्या वाजवत चालतात तसे. मी भारतीय दिसतो हे बघून ते थांबले, स्मारकाकडे बोट केलं, मग माझ्याकडे केलं, आणि कमरेत वाकले. मला काय करावं कळेना, मीही वाकलो. मग ते पुन्हा टाळ्या वाजवत निघून गेले.

तिरशिंगराव, इथे तोफांचा काही संबंध नव्हता.

---

तिरशिंगराव | ६ मे, दुपारी ३.३०

देगूकर, मान्य. ही एक शरणागती नोंदवून घ्या, रोज मिळणार नाही.

---

रंकाळा_काठ | ६ मे, संध्याकाळी ७.१०

थोरात आणि थिमय्या आधीपासनं एकमेकांस्नी ओळखत होते, हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. जानेवारी १९४५, ब्रह्मदेशातली कांगॉची लढाई. ५१ व्या ब्रिगेडमध्ये तीन पलटणी, तिन्हींचे प्रमुख भारतीय: थिमय्या, थोरात आणि एल. पी. सेन. तिघांनाबी डीएसओ, म्हणजे इंग्रजांचं मोठं लष्करी पदक. आठ वर्षांनी त्यातले दोघं कोरियात, एक अध्यक्ष, एक दलाचा प्रमुख. लढाईत एकमेकांचा अंदाज घेतलेली माणसं होती ती, म्हणून बहुतेक जमलं. नाहीतर पाच देशांच्या आयोगात रोज भांडणं.

थिमय्या शेवटी गेले तेही शांतिसेनेतच. सायप्रसच्या मोहिमेचे सेनापती असताना, डिसेंबर १९६५. सायप्रसनं त्यांचं तिकीट काढलं. मडिकेरीला त्यांच्या घराचं आता संग्रहालय झालंय, फेब्रुवारी २०२१ मध्ये राष्ट्रपतींनी उघडलं. आमच्या थोरातांचं काय, हे मी विचारणार न्हाई. विचारलं की भांडण लागतंय.

---

चिवडा | ६ मे, रात्री ८.००

अवांतर: ६० पॅरा अजून आहे का?

---

माजी_सिग्नलर | ६ मे, रात्री ८.२५

आहे तर! आग्र्याला. आता ६० पॅरा फील्ड हॉस्पिटल. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात भूकंप झाला तेव्हा ऑपरेशन दोस्तमध्ये हीच युनिट गेली, ९९ जणांचं पथक, इस्केंदेरुनला रुग्णालय उभं केलं. टीव्हीवर बातमी सगळ्यांनी पाहिली असेल, पण हेच ते कोरियातले हे फार थोड्यांना कळलं.

त्यांची डिसेंबर १९५० ची एक गोष्ट युनिटबाहेरही सांगितली जाते. चिनी फौजा आल्या, प्योंगयांग सोडायचा हुकूम झाला. सामान न्यायला वाहनं नाहीत, टाकून निघा म्हणाले. सामान टाकलं तर डॉक्टर म्हणजे नुसता माणूस. यांनी स्टेशनात एक वाफेचं इंजिन शोधलं, ते चालवता येणारे जवान आपल्यातच निघाले, सामान डब्यांत भरलं, आणि पूल उडवायच्या थोडं आधी नदी पार केली. रेल्वे चालवणारं इस्पितळ!

---

निळी_शाई | ६ मे, रात्री १०.०५

केवढं मिळालं या धाग्यातून. मी विसरलेली एक गोष्ट टाकते. ८८ कैदी असे निघाले की त्यांना उत्तरही नको होतं, दक्षिणही नको, चीनही नको, तैवानही नको. ७४ उत्तर कोरियन, १२ चिनी, दोन दक्षिण कोरियन. हे ८८ जण फेब्रुवारी १९५४ मध्ये अभिरक्षक दलाबरोबरच जहाजाने भारतात आले. दोनेक वर्षं राहिले. बहुतेक पुढे ब्राझीलला, काही अर्जेंटिनाला गेले, मोजके इथेच राहिले. पहारेकरी आणि कैदी एकाच बोटीने, आणि कैद्याने निवडलेला देश पहारेकऱ्याचा. टाचण म्हणतात ती शाबासकी कोणीच दिली नाही असं नाही, ८८ जणांनी दिली.

बाराखडी, आजोबांचा त्या वेळचा काही फोटो वगैरे आहे का गं घरी? असला तर बघायला आवडेल. नसला तरी हरकत नाही.

---

बाराखडी | ८ मे, रात्री ९.२०

ताई, मामाला फोन केला. त्याच्याकडे एक निघाला. तंबू, समोर बर्फ, तिघं जण, आजोबा डावीकडे, कानटोपीत ओळखू येत नाहीत. मामाने मागची बाजूही पाठवली. पेन्सिलीने लिहिलंय, अर्धं पुसलेलं:

'हिंद नगर. २२ जाने. ५४. कंपाउंड सगळी रिकामी. डबे बंद. रात्रभर झोप नाही.'

मामा म्हणतो 'डबे बंद' म्हणजे शिध्याचे डबे संपले असावेत. मी त्याला दुरुस्त केलं.

---

माजी_सिग्नलर | ८ मे, रात्री ९.३१

ओके रिपोर्ट.

---

चिवडा | ८ मे, रात्री ९.४०

ताई, तुम्हाला दगडावर लिहायला हवं होतं ना...

---

निळी_शाई | ८ मे, रात्री १०.१२

हो. वाचलं. बाराखडी, मामांना सांग, फोटोला साध्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, आत ओल धरते आणि पेन्सिल घासून पुसते. आम्लमुक्त (ॲसिड-फ्री) कागदात गुंडाळून ठेवा, आणि मागची बाजू आजच नीट स्कॅन करून घ्या.